साइनफेल्डचा जुना डीव्हीडी सेट : चौकटीच्या कडेला लपलेले विनोद बघायचे असतील तर हाच घ्या

गेले तीन महिने रात्रीची जेवणं झाली, ओटा आवरला की आमच्याकडे साइनफेल्ड ही जुनी अमेरिकन विनोदी सिरीयल लागते आणि तीही डीव्हीडीवर. त्यासाठी मुद्दाम प्लेयर घेतलाय. घरात वायफाय आहे, दोन स्ट्रीमिंगची सबस्क्रिप्शन्स आहेत, त्यातल्या एकावर ही सिरीयल अख्खी आहे, तरी हा खटाटोप का केला ते सविस्तर लिहिते, कारण हा सेट मला मनापासून आवडलाय आणि आपल्यातल्या ज्यांनी ‘दोन भाग बघितले, हसूच येईना’ म्हणून साइनफेल्ड सोडून दिलं त्यांनी हे वाचावं असं फार वाटतं.

सेट माझ्या मावसभावाचा. दादा बरीच वर्षं एडिसनला, न्यू जर्सीत. गेल्या वर्षी मोठं घर विकून छोट्या घरात गेला तेव्हा फोनवर म्हणाला, तुला हवा असेल तर सांग नाहीतर कुणाला तरी देऊन टाकतो, आणि मग वहिनी दिवाळीत आली तेव्हा साड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळून घेऊन आली. २००७ साली निघालेला पूर्ण सेट आहे हा, १९८९ ते १९९८ मधले नऊ सीझन, १८० भाग, तीसेक डिस्क, आणि सोबत एक मोठं कॉफी टेबल बुक. हे पुस्तक म्हणजेच पहिला लपलेला विनोद बरं का. सिरीयलमधला क्रेमर कॉफी टेबलांविषयीच एक कॉफी टेबल बुक काढतो आणि त्या पुस्तकाला घडीचे पाय असतात, ते उघडले की पुस्तकाचंच टेबल होतं. ज्याला हे माहीत नाही त्याच्यासाठी सेटमधलं पुस्तक म्हणजे नुसते फोटो, ज्याला माहीत आहे तो खोका उघडतानाच हसतो. सगळी सिरीयलच अशी आहे.

ज्यांनी बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅनहॅटनमधला जेरी हा स्टँडअप कॉमेडियन, त्याचा मित्र जॉर्ज, पूर्वीची मैत्रीण इलेन, आणि समोरच्या फ्लॅटमधला क्रेमर. जेरी साइनफेल्ड आणि लॅरी डेव्हिड या दोघांनी बनवलेली, एनबीसीवर चालायची. ‘कशाहीबद्दल नसलेली सिरीयल’ असं तिला म्हणतात आणि नेमकी तिथेच आपली फसगत होते, कारण ती त्या दहा वर्षांतल्या अमेरिकेतल्या सगळ्या गोष्टींनी ठासून भरलेली आहे. सिनेमे, बेसबॉल, नाटकं, कॉमिक्स, जुन्या पोलिसी सिरीयली, सगळं. फक्त ते कुणी थांबून सांगत नाही. पात्रं बोलत बोलत पुढे जातात, ज्याला लागलं त्याला लागलं.

मी पहिल्यांदा बघितली २००५ मध्ये, नवऱ्याचं प्रोजेक्ट तिकडे होतं आणि आम्ही दोन वर्षं जर्सी सिटीत राहायचो. संध्याकाळी जुने भाग लागायचे, मी पोळ्या लाटता लाटता बघायचे. दादा-वहिनी शनिवारी आले की दादा सोफ्यावरून पडेपर्यंत हसायचा आणि मी आणि वहिनी एकमेकींकडे बघायचो. मग तो सांगायचा, अगं हे त्या सिनेमातलं आहे, अगं हा माणूस खराखुरा खेळाडू आहे. तोवर पुढचे तीन विनोद निघून गेलेले असायचे. तेव्हा मागे नेऊन बघायची सोय आमच्याकडे नव्हती.

आता या सेटमधली सगळ्यात कामाची गोष्ट. सबटायटलच्या मेन्यूत ‘नोट्स अबाउट नथिंग’ असा एक पर्याय आहे. तो लावला की भाग चालू असतानाच पडद्यावर माहितीच्या ओळी येत राहतात, हे कुठल्या सिनेमावरून घेतलंय, हा नट आधी कुठे दिसला होता, हे खऱ्या आयुष्यात कुणाच्या बाबतीत घडलं होतं, वगैरे. म्हणजे दादा शेजारी बसून सांगतोय असं वाटतं आणि भाग थांबतही नाही. फक्त एक लक्षात घ्या, हा सबटायटलचाच ट्रॅक आहे, त्यामुळे नोट्स लावल्या की संवादांची सबटायटल्स जातात. दोन्ही एकदम दिसत नाहीत. आम्ही आधी संवादांची सबटायटल्स लावून भाग बघतो आणि मग लगेच नोट्स लावून परत तोच भाग. एक भाग साधारण बावीस मिनिटांचा, त्यामुळे दोनदा बघूनही पाऊण तासात होतं, आणि खरं सांगते दुसऱ्यांदा बघताना जास्त हसू येतं.

एक सीन नीट सांगते म्हणजे कळेल मी कशाबद्दल बोलतेय. तिसऱ्या सीझनमधला ‘द बॉयफ्रेंड’ नावाचा तासाभराचा भाग, १२ फेब्रुवारी १९९२ ला लागला होता. जेरीची कीथ हर्नांडेझशी ओळख होते. हा खराखुरा बेसबॉलपटू, न्यूयॉर्क मेट्सचा, आणि भागात तो स्वतःच आलाय. जेरी त्याच्यावर लट्टू. पण क्रेमर आणि शेजारचा न्यूमन दोघंही त्याच्यावर खार खाऊन असतात, का तर म्हणे १४ जून १९८७ च्या मॅचनंतर तो यांच्यावर थुंकला होता. दोघं ती हकीकत सांगायला लागतात आणि पडद्यावरचं चित्र बदलतं, रंग उडालेले, हात हलल्यासारखं, जुन्या घरगुती कॅमेऱ्याने काढल्यासारखं. क्रेमरचं डोकं झटका बसून मागे जातं. आणि मग जेरी काठी हातात घेऊन वकिलासारखा उभा राहतो आणि सिद्ध करायला लागतो की तुम्ही सांगताय तसं होणं शक्यच नाही, एकच थुंकी क्रेमरला लागली, तिथून उडून न्यूमनला लागली, मध्येच हवेत थांबली, वळली आणि परत लागली! म्हणजे ही तर जादूची थुंकी झाली. मग निष्कर्ष असा की थुंकणारा दुसराच कुणीतरी होता, झुडपाआड.

आता हे बघताना मी २००५ मध्ये नुसती ‘शी, थुंकीवर काय एवढं’ म्हणाले होते. कळायला काय हवं होतं ते ऐका. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये अध्यक्ष केनेडींचा खून झाला तेव्हा झाप्रूडर नावाच्या एका कपड्यांच्या व्यावसायिकाने आपल्या आठ एमएमच्या कॅमेऱ्याने ती मिरवणूक टिपली होती, तीच ती जगभर बघितलेली फिल्म. सरकारी चौकशीने सांगितलं की एकाच गोळीने केनेडी आणि त्यांच्या पुढे बसलेले गव्हर्नर कॉनली दोघांनाही जखमा केल्या, आणि ज्यांना हे पटलं नाही ते तिला ‘जादूची गोळी’ म्हणायला लागले आणि गवताच्या टेकाडाआड दुसरा बंदूकवाला होता असं म्हणायला लागले. ऑलिव्हर स्टोनचा ‘जेएफके’ डिसेंबर १९९१ मध्ये आला, त्यात कोर्टात वकील झालेला केव्हिन कॉस्टनर हातात छडी घेऊन हेच सगळं प्रात्यक्षिक करून दाखवतो. म्हणजे सिनेमा लागून दोन महिनेही झाले नव्हते आणि यांनी तो सीन ओळीला ओळ, कॅमेऱ्याच्या चालीसकट थुंकीवर उतरवला. घराघरात लोक तो सिनेमा नुकताच बघून आलेले होते, आज आपल्याला सांगावं लागतं.

आणि याच्या पोटात अजून एक आहे, तो मला सगळ्यात जास्त आवडतो. न्यूमनचं काम करणारा वेन नाइट हा ‘जेएफके’मध्येही आहे! त्या वकिलाच्या टीममधला एक जण म्हणून. आणि कोर्टातल्या त्या प्रात्यक्षिकात, जिथे गोळी कुठून कुठे गेली हे दाखवायला दोन माणसं बसवली आहेत, त्यातला एक तोच. म्हणजे थोड्याच दिवसांपूर्वी ज्या माणसाने गंभीर चेहऱ्याने गोळीचा मार्ग दाखवायला अंग पुढे केलं होतं, तोच माणूस आता थुंकीचा मार्ग दाखवायला उभा आहे. माझ्या मुलीने मोबाईलवर सिनेमातला तो सीन काढला, टीव्हीवर हा थांबवून ठेवला आणि दोन्ही शेजारी शेजारी धरून बघितले. कॉलेजला जाणारी मुलगी, एरवी माझ्या सिरीयलींकडे ढुंकून बघत नाही. त्या रात्री साडेबारापर्यंत बसली होती.

आता प्रश्न असा की स्ट्रीमिंगवर हे दिसत नाही का. दिसतं की. पण तिथे नोट्स नाहीत आणि दुसरी मोठी अडचण चित्राची आहे. सिरीयल त्या काळच्या चौकोनी टीव्हीसाठी बनवलेली, चार बाय तीनच्या चौकटीत. शूटिंग फिल्मवर झालं होतं म्हणून नंतर ती स्वच्छ करून रुंद पडद्याच्या मापात बसवता आली, कडेला थोडं जास्तही दिसतं, पण वरून आणि खालून चित्र कापलं जातं. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण ‘द पॉटहोल’ नावाचा भाग आहे, १९९७ चा, नावातच खड्डा. जॉर्जच्या किल्ल्या रस्त्यातल्या खड्ड्यात पडतात आणि वरून डांबर पडतं. जेरी आणि जॉर्ज खाली वाकून तो खड्डा बघतायत असा शॉट आहे, आणि रुंद चित्रात दोघं जण खाली कशाकडे तरी बघतायत एवढंच दिसतं, खड्डा चौकटीच्या बाहेर! २०२१ मध्ये सिरीयल नव्याने स्ट्रीमिंगवर आली तेव्हा अमेरिकेत याची बरीच चर्चा झाली होती. मी लॅपटॉपवर एक आणि टीव्हीवर डीव्हीडी असं लावून बघितलं तर खरंच, डीव्हीडीवर खड्डा आहे आणि लॅपटॉपवर नाही. ज्या सिरीयलमध्ये निम्मी गंमत चित्राच्या कडेला ठेवलेली असते तिथे कडा कापून कसं चालेल? आमच्या टीव्हीवर डीव्हीडी लावली की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात, नवऱ्याला सुरुवातीला ते खटकायचे, त्याने टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र ताणलं तर सगळे जाडे दिसायला लागले. मी परत जसं होतं तसं केलं. पट्टे राहू देत, चित्र पूर्ण हवं.

त्याच भागातलं अजून एक. जॉर्जच्या किल्ल्यांना जे किचेन आहे ते फिल रिझुटोचं, दाबलं की त्यातून ‘होली काऊ’ असा आवाज येतो. हा रिझुटो न्यूयॉर्कच्याच यांकी या बेसबॉल संघाचा जुना खेळाडू, नंतर कित्येक वर्षं कॉमेंट्रेटर होता आणि हे दोन शब्द म्हणजे त्याची ओळख. न्यूयॉर्कच्या माणसाला तो आवाज ऐकून आपलं लहानपण आठवणार. आपल्याकडे बाळ ज. पंडितांचा आवाज अचानक रस्त्यातल्या डांबराखालून आला तर माझ्या बाबांना जे वाटलं असतं, तसंच काहीतरी. हे कळल्यावर तो सीन मला वेगळाच दिसायला लागला, त्यात विनोदाबरोबर थोडी मायाही आहे.

कडांचा विषय निघालाच आहे तर ते चौघं जिथे बसतात त्या मंक्स कॉफी शॉपबद्दल पण सांगते. आतला भाग लॉस एंजेलिसच्या स्टुडिओतला सेट, बाहेरचा मात्र खऱ्या न्यूयॉर्कमधल्या टॉम्स रेस्टॉरंटचा, ब्रॉडवे आणि ११२ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर. सिरीयलमध्ये पाटीवरचं ‘रेस्टॉरंट’ एवढंच दिसतं, ‘टॉम्स’ मुद्दाम चौकटीबाहेर ठेवलंय. आणि सुझॅन वेगाचं ‘टॉम्स डायनर’ हे गाणं ज्यांना माहीत आहे, नव्वदच्या दशकात आपल्याकडेही ते खूप वाजलं, ते याच जागेवरचं! आम्ही २००६ मध्ये दादाबरोबर तिथे जाऊन फोटो काढला होता, तेव्हा मला गाण्याचं माहीत नव्हतं. आता त्या फोटोकडे बघताना वेगळं वाटतं.

मग येतो नवव्या सीझनमधला ‘द बिट्रेयल’. माझ्या मते फक्त या एका भागासाठी सेट घ्यावा. यात लग्नासाठी सगळे भारतात येतात आणि अख्खा भाग उलटा आहे, शेवट आधी आणि सुरुवात शेवटी. पडद्यावर ‘एक तास आधी’, ‘दोन दिवस आधी’ असं येत राहतं. लग्न मोडल्याचं आपल्याला आधी कळतं आणि का मोडलं ते नंतर. नवऱ्या मुलाचं नाव काय, तर पिंटर रणावत. आपण म्हणतो हे कसलं नाव, कुणाही भारतीय घरात पोराचं नाव पिंटर ठेवणार नाहीत, लिहिणाऱ्यांना काही माहीतच नाही. मी पण तेच म्हणाले होते. पण ते मुद्दाम आहे! हॅरॉल्ड पिंटरचं ‘बिट्रेयल’ नावाचं नाटक आहे १९७८ चं, एका फसवणुकीची गोष्ट, आणि ते नाटक असंच शेवटाकडून सुरुवातीकडे जातं. आपल्याकडे प्रायोगिक नाटक करणाऱ्यांना पिंटर काही नवीन नाही, माझी एक मैत्रीण कॉलेजमध्ये एकांकिका करायची तिला फोन करून विचारलं तर ती म्हणाली, अगं त्या नाटकात मित्राच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्याचं नावसुद्धा जेरीच आहे! आणि इथे साइनफेल्डमध्ये जॉर्जला आवडणारी मुलगी पटवतो कोण, तर जेरी. भागाचं नाव, नवऱ्या मुलाचं नाव, उलटी मांडणी आणि गुन्हेगाराचं नाव, चार खुणा उघड्यावर ठेवलेल्या आहेत आणि एकदाही कुणी ‘नाटक’ हा शब्द उच्चारत नाही.

अजून एक आहे त्याच भागात. क्रेमरच्या एका मित्राने वाढदिवसाच्या मेणबत्त्या फुंकताना क्रेमर मरावा अशी इच्छा धरलेली असते आणि त्या मित्राला सगळे ‘एफडीआर’ म्हणतात, म्हणजे फ्रँकलिन डेलानो रोमानोव्स्की. अमेरिकेचे अध्यक्ष एफडीआर म्हणजे फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट, त्या रूझवेल्टच्या जागी रोमानोव्स्की. हे तर नाव ऐकल्या ऐकल्या मुलीला कळलं, शाळेतला इतिहास कामाला आला.

आणि सेटमधली मेजवानी अशी की नवव्या सीझनच्या डिस्कवर हाच भाग सरळ क्रमाने लावूनही दिलाय. दोन्ही बघा, पण आधी उलटाच बघा. सरळ बघताना लक्षात आलं की सरळ क्रमात तो तितकासा हसवत नाही, कारण तिथे भांडणं होतात आणि मग लग्न मोडतं, एवढंच. उलट्यात जॉर्ज उंच बूट घालून का फिरतोय याचं उत्तर आपण वाट बघून मिळवतो. भारत मात्र अगदी स्टुडिओतला आहे, मांडव वगैरे बघून आपल्याला कसंसंच होतं, ते मी लपवणार नाही. पण नवऱ्या मुलाचे अमेरिकेतले आईवडीलच इलेनला म्हणतात की एवढ्या लांब कशाला जाताय, तो प्रसंग बघून आमच्या वहिनीला तिच्या ओळखीतली तीन घरं आठवली.

सुपरमॅनचं सगळ्यांना माहीत असतं. जेरीच्या फ्लॅटमधल्या शेल्फवर एक छोटा सुपरमॅन उभा असतो. प्रत्येक भागात कुठे ना कुठे सुपरमॅन असतोच असं लोक छातीठोकपणे सांगतात, ते खरं नाही, सुरुवातीच्या सीझनमध्ये शेल्फवर तो बाहुला नसतोच, आम्ही थांबवून थांबवून बघितलं. पण ‘द रेस’ हा १९९४ चा भाग बघा. शाळेतल्या एका धावण्याच्या शर्यतीत जेरीला चुकून आधी सुरुवात मिळाली होती, ते कुणालाच कळलं नाही, आणि तेव्हापासून तो परत कधीच धावला नाही. म्हणजे एखाद्या हिरोने आपली शक्ती लपवून ठेवावी तसं. आणि त्याच्या मैत्रिणीचं नाव लोइस, सुपरमॅनच्या मैत्रिणीचं आहे तेच! त्याला ‘लोइस’ म्हणायला मिळतं म्हणूनच तो किती खूष असतो ते त्याच्या तोंडाकडे बघून कळतं. शेवटी परत शर्यत होते, मागे गाडीचा फट्ट आवाज येतो, तो बंदुकीचा समजून जेरी पुन्हा आधी सुटतो आणि मग चक्क सुपरमॅन सिनेमाचं संगीत सुरू होतं, जॉन विल्यम्सचं. आणि शेवटी तो आपल्याकडे बघून डोळा मारतो, सिनेमात सुपरमॅन शेवटी आपल्याकडे बघून हसतो तसंच. सिरीयलमध्ये कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही, म्हणून तो डोळा मारणं इतकं लागतं.

दोन वर्षांनी ‘द बिझारो जेरी’. सुपरमॅनच्या कॉमिक्समध्ये बिझारो नावाचा उलटा सुपरमॅन असतो, त्याच्या जगात सगळं आपल्या उलट. इथे इलेनला जेरीच्या उलट एक मित्र मिळतो, सभ्य, वाचणारा, मदत करणारा, आणि त्याचेही दोन मित्र, एक जॉर्जच्या उलट आणि एक क्रेमरच्या उलट. आता घर बघा, थांबवून बघा. जेरीच्या फ्लॅटची सगळी मांडणी आरशात दिसावी तशी फिरवलेली. जेरीकडे भिंतीवर सायकल टांगलेली असते, इथे एकचाकी. शेल्फवर सुपरमॅनच्या जागी बिझारोचा पुतळा. हे एकही संवादात सांगत नाहीत. मांडणी करणाऱ्यांनी केवढी मेहनत घेतली असेल, आणि टीव्हीवर क्षणभरच दिसून जाणार होतं ते.

बाकीचे भराभर सांगते. ‘द लायब्ररी’मधला वीस वर्षं न परत केलेल्या पुस्तकाच्या मागे लागलेला लायब्ररीचा तपासनीस बुकमन, तो जे सलग, चेहरा न हलवता बोलत सुटतो ते पन्नासच्या दशकातल्या ‘ड्रॅगनेट’ नावाच्या पोलिसी सिरीयलमधल्या डिटेक्टिव्हचं बोलणं आहे. ‘द चिकन रोस्टर’मध्ये इलेन आपल्या साहेबाची सही आणायला ब्रह्मदेशात जाते (आपल्याला तिथलं मंडाले टिळकांमुळे माहीत) आणि तो साहेब अंधाऱ्या झोपडीत बसून जे ‘द हॉरर’ म्हणतो ते ‘अपोकॅलिप्स नाऊ’ या सिनेमातल्या मार्लन ब्रँडोचं, फक्त इथे भीती कशाची तर एका टोपीची. व्हॅन ब्युरेन बॉईज नावाची गुंडांची टोळी आठ बोटं दाखवून खूण करते कारण मार्टिन व्हॅन ब्युरेन अमेरिकेचा आठवा अध्यक्ष. आणि पात्रं जे सिनेमे बघायला जातात, ‘रोशेल रोशेल’, ‘प्रोग्नोसिस निगेटिव्ह’, हे सगळे खोटे, यातलं दुसरं नाव लॅरी डेव्हिडच्या स्वतःच्याच एका न बनलेल्या पटकथेचं. मला तो माणूस यासाठी फार आवडतो. पडून राहिलेलं काम त्याने फेकलं नाही, दुसरीकडे वापरलं.

आता तक्रारी, कारण त्या पण आहेत.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची, घेण्याआधी रिजन बघा, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेयरवर चालेल त्याचा आकडा. अमेरिकेतला सेट रिजन एकचा असतो, आपल्याकडे रिजन पाच. आपला नेहमीचा प्लेयर डिस्क नाकारू शकतो. आम्ही लॅमिंग्टन रोडवरून सगळ्या रिजनचा चालणारा साधा प्लेयर आणला, १८०० रुपयाला, दुकानातच डिस्क लावून बघितली आणि मगच पैसे दिले. तुम्हीही डिस्क बरोबर घेऊन जा. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये रिजन फक्त ठरावीक वेळाच बदलता येतो, त्या भानगडीत पडू नका.

दुसरी, जुना सेट ऑनलाइन विकत घेताना प्रत्येक डिस्क उजेडात धरून बघायला मिळत नाही. दादाच्या सेटमध्ये चौथ्या सीझनची एक डिस्क चरे पडलेली निघाली, तेवढी मी एका विक्रेत्याकडून सेकंडहँड मागवली तर आत पाचव्या सीझनची! परत पाठवण्यात तीन आठवडे गेले. खोक्यातले डिस्क अडकवायचे दातेही नाजूक आहेत, ओढून काढू नका, मध्ये दाबून काढा.

तिसरी, नोट्स अमेरिकन माणसासाठी लिहिलेल्या आहेत. खेळाडूचं नाव सांगतात पण तो का महत्त्वाचा ते सांगत नाहीत, कारण त्यांच्या प्रेक्षकाला माहीतच असतं. कधी कधी तर इतकी बारीकसारीक आणि बिनकामाची माहिती येते की वाचण्याच्या नादात चेहरे बघायचे राहून जातात, आणि क्रेमरचा चेहरा बघायचा राहिला म्हणजे काय राहिलं. मुलगी फोन घेऊन शेजारी बसते आणि शोधून सांगते, तिथे आमचं जमून गेलंय. एकट्याने बघणाऱ्याला हे थोडं जड जाईल. मराठी, हिंदी सबटायटल्स अर्थातच नाहीत, त्यामुळे आईला बरोबर घेऊन बसता येत नाही याचं मला वाईट वाटतं, तिला जॉर्जचे आईवडील नक्की आवडले असते.

बाकी जास्तीचं साहित्य भरपूर. ‘इनसाइड लुक’ म्हणून छोट्या मुलाखती आहेत, कापलेले सीन आहेत, चुका होऊन नट हसत सुटतात ते तुकडे आहेत. मुलाखती आधी बघू नका, भाग बघून झाल्यावर बघा, नाहीतर गंमत फुटते.

नवीन बघणाऱ्यांनी पहिल्या सीझनपासून सुरुवात करायची गरज नाही. तो पाचच भागांचा आहे आणि अजून सूर लागायचाय. तिसऱ्यापासून धरा, ‘द बॉयफ्रेंड’ बघा, मग चौथा. पहिली डिस्क मात्र ठेवून द्या, ती सगळ्यात शेवटी लागणार आहे. आम्ही गेल्या शनिवारी शेवटचा भाग संपवला, १४ मे १९९८ चा. चौघं तुरुंगाच्या कोठडीत बसलेले आहेत आणि जेरी जॉर्जच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाबद्दल बोलायला लागतो, की ते फार वर आहे, त्या एका बटणावर सगळा शर्ट अवलंबून असतो. जॉर्ज विचारतो, आपण हे आधी बोललोय का? मुलगी म्हणाली, थांब थांब, आणि उठून खोक्यातून पहिली डिस्क काढून लावली. ५ जुलै १९८९ चा पहिला भाग, पहिला सीन, कॉफी शॉप, दोघंही केवढे तरुण, आणि जेरी जॉर्जला तेच सांगतोय, दुसऱ्या बटणाचं.